बिल्टीची तारीख आधी पाहा

प्रश्न : सांगली जिल्ह्यातलं बिऱ्हाड हलवून आम्ही 6 जानेवारीला मध्य प्रदेशात, धारजवळच्या शेतावर राहायला निघालो. ट्रान्सपोर्टवाल्याने एकाच ट्रकमध्ये ट्रॅक्टर आणि घरसामान भरलं. भाडं 38 हजार. बिजासन घाटात साखळी सुटून ट्रॅक्टर कलंडला. पुढचा एक्सल मोडला, दोन कपाटं चेपली. दुरुस्तीचा अंदाज 2 लाख 10 हजार आहे. बिल्टीवर, म्हणजे माल बुक केल्याच्या पावतीवर, ‘माल मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलंय, म्हणून तो हात झटकतो. वर ‘15 हजार घ्या आणि सही करा’ म्हणतो. जून उजाडला, पेरणी तोंडावर आहे. काय करावं? आणि ट्रॅक्टरला नोंदणीचा नंबर इथला घ्यावा लागेल का?

उत्तर : आधी ती सही करू नका. ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असा कागद एकदा दिलात, की ट्रान्सपोर्टवाल्याकडची वाट बंद होते आणि ट्रॅक्टरच्या विमा कंपनीलाही हरकत घ्यायला जागा मिळते.

आता तारखेचं बघा, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. 2007 च्या रस्तामार्गे माल वाहतूक कायद्याच्या कलम 16 प्रमाणे दावा लावण्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस पोचलेली असावी लागते, आणि तीही माल बुक केल्यापासून 180 दिवसांच्या आत. मुदत माल उतरवल्यापासून किंवा दुरुस्तीचं बिल आल्यापासून मोजत नाहीत, बिल्टीच्या तारखेपासून मोजतात. इथेच माणसं चुकतात. तुमचे 180 दिवस जुलैच्या पहिल्याच आठवड्यात संपतात. फोनवर झालेली वादावादी नोटीस ठरत नाही. याच आठवड्यात बिल्टी क्रमांक, नुकसानीचा तपशील आणि मागणीची रक्कम लिहून स्पीड पोस्टाने पोचपावतीसह नोटीस पाठवा, ईमेलही करा.

त्या छापील ओळीला घाबरू नका. वाहतूकदाराचा निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करायचा नसतो, असं हाच कायदा सांगतो. आणि तुमच्या मुलाने मोबाइलवर काढलेला, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ तर बोलका आहे : डाव्या मागच्या चाकाखाली ओंडका नाही, साखळी एकाच बाजूला अडकवलेली, कपाटाच्या दारावर टायरचा काळा पट्टा. तो व्हिडिओ मूळ मोबाइलमध्येच जपून ठेवा, फक्त व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीवर विसंबू नका. माल उतरवताना घरच्यांनी ‘माल मिळाला’ अशी सही दिली, म्हणून दावा बुडत नाही.

एक गोष्ट मात्र कटू आहे, पण सांगायलाच हवी. जास्त जोखमीचा दर (वाहतूकदाराने जास्त जबाबदारी घ्यावी म्हणून द्यायचं वाढीव भाडं) भरलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती, म्हणजे तुमच्या बाबतीत 3 लाख 80 हजारांपुरती असते. पण बुकिंगच्या कागदावर जाहीर केलेल्या किमतीच्या वर ती जात नाही. तुमच्या कागदावर ट्रान्सपोर्टच्या कारकुनाच्या सांगण्यावरून मालाची किंमत दीड लाख लिहिली आहे. ट्रान्सपोर्टवाल्याचा वकील नेमकं त्यावर बोट ठेवणार. म्हणून सगळी भिस्त ट्रान्सपोर्टवाल्याकडच्या भरपाईवर ठेवू नका.

तुम्ही पाठवलेली ट्रॅक्टरची पॉलिसी मी वाचली. ती फक्त थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरती) नाही, पॅकेज आहे, म्हणजे स्वतःच्या वाहनाचं नुकसानही त्यात येतं. अशा पॉलिसीत वाहन रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेताना झालेलं नुकसानही धरलेलं असतं. ट्रॅक्टर चालत नव्हता, ट्रकवर होता, म्हणून हक्क जात नाही. आजच विमा कंपनीला लेखी कळवा. पाच महिन्यांच्या उशिराचं खरं कारण लिहा. त्या उशिरावर त्यांनी आक्षेप घेतला तर उत्तर तयार हवं. विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) पाहून जाईपर्यंत एक्सल बदलू नका, मोडका भाग भंगारात देऊ नका. पेरणीसाठी ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा लागला तर प्रत्येक पावती ठेवा. एकाच नुकसानीचे पैसे दोघांकडून मिळणार नाहीत. पण कपाटं विम्यात येत नाहीत, ती ट्रान्सपोर्टवाल्याकडेच मागायची.

नोटिशीला दाद दिली नाही तर ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षांची आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार तुम्ही आता राहता त्या जिल्ह्यात करता येते. सांगलीला हेलपाटे नकोत. भाडं पाच लाखांच्या आत असल्याने फीही नाही.

नंबराचं थोडक्यात. ट्रॅक्टर दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त ठेवायचा असेल तर तिथला नवा नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी सांगलीच्या आरटीओकडे फॉर्म 28 वर ना-हरकत दाखला मागा; 30 दिवसांत नकार कळवला नाही, तर कायद्याने तो दिल्याचंच मानलं जातं. पत्ता बदलल्याचं खरं तर 30 दिवसांत कळवायचं होतं, ते आता याबरोबरच उरका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्या, नाहीतर अर्ज खिडकीवरूनच परत येईल.