घर नाशिकला घ्यावं की डोंबिवलीत?

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवली पूर्वेला 17,000 रुपये भाड्याने वन बीएचकेमध्ये राहतो. मी मुलुंडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, हातात 31,000 येतात. नवरा महाप्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, त्याला 64,000. मुलगी साडेतीन वर्षांची, दिवसभर पाळणाघरात. साठवलेले 14 लाख आहेत. कंपनी नवऱ्याला नाशिकच्या अंबडला किंवा पुण्याजवळ चाकणला बदली द्यायला तयार आहे, पगार तोच. आम्ही तिन्हीकडे टू बीएचके पाहिले. डोंबिवलीत बांधकाम चालू असलेला 65 लाखांना, चाकणजवळ मोशीला 68 लाखांना आणि नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ 42 लाखांना. 23 लाखांचा फरक पाहून नवऱ्याचं मन नाशिकवर बसलंय. तिथल्या एका लॅबने मला 18,000 सांगितले. मला भीती वाटतेय, पण नक्की कशाची ते सांगता येत नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमची भीती त्या 18,000 च्या आकड्यात आहे, आणि ती खरी आहे. पण आधी डोंबिवलीचं बघू, कारण तो पर्याय तुमच्या हातात आहे असं तुम्ही धरून चालला आहात.

मी 26 वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर बसले. समोरचं जोडपं हप्त्याचं गणित पाठ करून यायचं आणि हातातल्या रोख पैशावर अडायचं. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते. म्हणजे 65 लाखांच्या घराला 52 लाख कर्ज आणि 13 लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी कर्जात बसत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या महापालिकांच्या हद्दीत शुल्क मेट्रोचा अधिभार धरून 7 टक्के, म्हणजे 4 लाख 55 हजार. नोंदणीचे 30 हजार. बांधकाम चालू आहे आणि किंमत 45 लाखांच्या वर आहे, म्हणून 5 टक्के जीएसटी, तो 3 लाख 25 हजार. बेरीज केलीत तर 21 लाखांच्या वर जाते. तुमच्याकडे 14 आहेत. उरलेल्या सात लाखांसाठी दागिने मोडू किंवा वैयक्तिक कर्ज काढू असं कोणी सुचवलं तर कृपा करून ऐकू नका. असे हप्ते थकलेले मी खूप पाहिलेत, आणि वसुलीचा पहिला फोन करताना माझाच आवाज बसायचा.

नाशिकला 42 लाखांवर 33 लाख 60 हजार कर्ज आणि 8 लाख 40 हजार तुमचे. शुल्क आणि नोंदणी मिळून तीन लाखांच्या आसपास. घर 45 लाखांच्या आत आणि 90 चौरस मीटर कार्पेटच्या (भिंतींच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळाच्या) आत असलं की बांधकाम चालू असतानाही जीएसटी 1 टक्काच लागतो. (मुंबई महानगर प्रदेशात हीच मर्यादा 60 चौरस मीटरची आहे.) पावणेबारा ते बारा लाखांत काम होतं आणि दोनेक लाख हाताशी राहतात. इथपर्यंत तुमच्या नवऱ्याचं म्हणणं बरोबर आहे.

आता महिन्याचं बघू. साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षं मुदत धरली तर लाखाला सुमारे 868 रुपये हप्ता बसतो. डोंबिवलीचा हप्ता 45,100, नाशिकचा 29,200. सिलिंडर, तूरडाळ, मोबाइलचं रिचार्ज यांना शहर कळत नाही. वीज तुम्हाला आजही महावितरणची आणि नाशिकलाही महावितरणचीच, म्हणजे तिथेही फरक नाही. भाजी नाशिकला स्वस्त मिळेल, पण त्यावर 20 वर्षांचा निर्णय उभा राहत नाही. खरा फरक प्रवासात आणि पाळणाघरात आहे. डोंबिवलीत दोघांचे लोकलचे पास आणि शेअर रिक्षा मिळून मी साडेचार हजार धरते, पाळणाघर साडेसहा हजार, सोसायटीचा मेंटेनन्स साडेतीन हजार. नाशिकला लोकल नाही. सिटीलिंकची बस आहे, पण अंबडची पाळी आणि लॅबची वेळ दोन्ही बसवरच सांभाळणं कठीण. म्हणून दोन दुचाक्या, पेट्रोलचे चार हजार. पाळणाघर चार, मेंटेनन्स दोन.

डोंबिवलीत 95,000 मधून हे सगळं वजा केलं की किराणा, दूध, दवाखाना, मुलीची शाळा यांसाठी सुमारे 35,400 उरतात. नाशिकला 64 आणि तुमचे 18 मिळून 82,000, त्यातून 42,800. म्हणजे पगार 13 हजारांनी कमी होऊनही हातात सात हजार जास्त. पण ती नोकरी मिळाली नाही, किंवा तीन महिन्यांनी सुटली, तर पाळणाघर वाचूनही 28,800 वर येता. तेव्हा स्वस्त घर घेऊन तुम्ही डोंबिवलीपेक्षा साडेसहा हजारांनी खाली असाल. सगळा निर्णय तुमच्या त्या पगारावर उभा आहे, आणि घरातल्या चर्चेत त्याचं नाव सगळ्यात शेवटी निघतंय. तुमच्या पत्रातही ते शेवटीच आलं.

हे मी कळकळीने लिहितेय, कारण मी स्वतः यातून गेले आहे. 2001 साली बढतीवर माझी नागपूरला बदली झाली. यजमानांची नोकरी ठाण्याला होती आणि ती सोडण्यासारखी नव्हती. त्रिमूर्तीनगरला मिळालेल्या दोन खोल्यांचं भाडं ठाण्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी होतं. मी हिशेब मांडला आणि खूश झाले. मग दोन ठिकाणी गॅस, दोन ठिकाणी दूध, दर महिन्याला विदर्भ एक्स्प्रेसची तिकिटं. मार्च संपता संपता कूलर घ्यावा लागला. त्याच्या ताट्या, पंप, रात्रभर चालणारी मोटर आणि मे महिन्याचं बिल, हे काहीच मी धरलं नव्हतं. चार वर्षांत भाड्यातला एक रुपया वाचला नाही. मुलगा त्याच्या बाबांना महिन्यातून दोन दिवस भेटायचा, ते वेगळंच. एक पगार गमावायचा नाही म्हणून आम्ही असे राहिलो. तुम्ही एकत्र राहणार आहात, पण पगार गमावायची वेळ तुमच्यावर येऊ शकते.

म्हणून माझा सल्ला असा. बदली घ्या, नाशिकलाच जा, पण घर आत्ता घेऊ नका. पाथर्डी फाटा किंवा इंदिरानगरला 11 महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा. बारा हजार भाडं धरलं तर तुमच्या नवऱ्याच्या एकट्याच्या पगारातून 52,000 उरतात. तुम्हाला घाईने पहिली मिळेल ती नोकरी धरावी लागणार नाही. 31 हजार घेणाऱ्या टेक्निशियनने 18 वर लगेच हो म्हणू नये. मोठ्या रुग्णालयांच्या लॅबमध्ये अर्ज करा, रात्रपाळीचा भत्ता काय ते विचारा, मुलुंडचं अनुभवपत्र आणि पगाराच्या स्लिपा बरोबर ठेवा. 14 लाख दरम्यान मुदत ठेवीत राहू द्या. नोकरी लागून सहा महिने झाले, पगार वेळेवर येतोय असं दिसलं, की घराकडे वळा. तेवढ्यात किंमत लाख-दीड लाखांनी वाढली तरी चालेल.

घर घेताना दलाल सुपर बिल्ट-अपचा, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरलेल्या क्षेत्रफळाचा, चौरस फूट दर सांगेल. गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून कार्पेट चौरस मीटरमध्ये बघा आणि तिन्ही शहरांची तुलना त्याच मापाने करा. विक्री करार नोंदवण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आणि घर एकट्या तुमच्या नावावर घेतलंत तर शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, म्हणजे 42 हजार. पुरुषाचं नाव जोडीला आलं की ती जाते. नवरा कर्जाला सहअर्जदार राहू शकतो. सवलत बाजूला ठेवली तरी मी हेच म्हणाले असते, कारण शहर बदलताना नोकरी तुमची पणाला लागतेय.

मोशीबद्दल थोडक्यात. पुण्याला लॅबमध्ये तुम्हाला पगार बरा मिळेल, पण 68 लाखांचं घर तुम्हाला डोंबिवलीइतकंच अवघड आहे, शुल्क तिथेही 7 टक्के, आणि लोकलच्या पासावर मुंबईकर जे वाचवतो ते तिथे पेट्रोलमध्ये जातं. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्याच्या वर्गवारीतही पुणे आता मुंबईच्या बरोबरीने सर्वांत जास्त भत्त्याच्या ‘एक्स’मध्ये आहे, नाशिक आणि नागपूर त्याखालच्या ‘वाय’मध्ये. पुणे स्वस्त म्हणून तिकडे जायचे दिवस मागे पडले.

प्रश्न : मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे, वाकडला 19,000 भाडं भरतो. भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे. तिथला 55 लाखांचा वन बीएचके घे म्हणून मी मागे लागलोय, तो ऐकत नाही. वय 25.
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : मुलाचं ऐका. 44 लाख कर्जाचा हप्ता 38,200 येईल, भाड्याच्या दुप्पट, आणि सुरुवातीला त्यातले 31 हजार तर व्याजातच जातील. मनीषनगरला तुम्ही स्वतःचं घर बांधलंत, तेव्हा भाडं आणि हप्ता यांत इतकं अंतर नसावं, म्हणून तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे. पंचविशीत नोकरी बदलते, कधी शहरही बदलतं. फरकाचे 19,000 त्याने दर महिन्याला बाजूला टाकायचे, एवढा शब्द मात्र त्याच्याकडून घ्या. सोबत भाडेकरार नोंदवलेला आहे का तेही विचारा. नोंदणी करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, आणि अनामत रक्कम परत मागताना तोच कागद मुलाच्या हातात असेल.