वाचक विचारतात: यकृताचे आजार आणि अळंबी

प्रश्न: सासऱ्यांना सिरोसिस (यकृत घट्ट होऊन निकामी होत जाण्याचा आजार) आहे. बागेतल्या एका माडाच्या बुंध्याला लालसर, चकाकणारी, लाकडासारखी टणक अळंबी आली आहे. चिनी वैद्यकातली 'रीशी' ती हीच, वाळवून भुकटी दिली तर यकृत सुधारते, असे सांगतात. रोज किती द्यावी?
– एक वाचक, काणकोण

उत्तर: अजिबात देऊ नका. माडावरची अळंबी गॅनोडर्मा कुळातली असू शकते, पण त्या कुळात जाती पुष्कळ आहेत आणि त्या नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. शिवाय गॅनोडर्मा ही माडाचा बुंधा कुजवणारी बुरशी आहे. त्यावर कोणी बोर्डो मिश्रण किंवा हेक्साकोनॅझोल ही बुरशीनाशके ओतली असतील, तर ती तुमच्या भुकटीत उतरण्याची भीती राहते. अळंबी जमिनीतले शिसे आणि कॅडमियमही शोषून घेते.

खरी रीशी आणली तरी उत्तर बदलत नाही. चीनच्या औषधकोशात दिवसाला ६ ते १२ ग्रॅम असे प्रमाण आहे, तेही पाण्यात उकळून काढ्यासाठी. हल्ली विकली जाते ती बहुतेक भुकटी, म्हणजे गाळ न काढता सगळेच पोटात. भुकटी घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी हाँगकाँगमधून २००४ मध्ये आणि थायलंडमधून २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. थायलंडमधला रुग्ण दगावला. अशा घटना थोड्या आहेत, पण निम्मे यकृत आधीच गेलेल्या माणसाने ती जोखीम का घ्यावी?

सिरोसिसमध्ये आणखी एक अडचण असते. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट अनेकदा कमी झालेल्या असतात आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतात. रीशी रक्त गोठण्याला अडथळा करू शकते. अशा वेळी शीर फुटली तर रक्त थांबवणे अवघड होते.

त्याऐवजी गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा जिल्हा इस्पितळात दाखवून कारण पक्के करा: दारू, हेपॅटायटिस बी, सी की चरबी. बी आणि सी यांची तपासणी आणि औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. सी तर साधारणपणे बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण जातो, मग अळंबी उकळत बसायचे कशाला? दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवी, कारण सिरोसिसमध्ये कर्करोगाचा धोका वाढतो. पोटात पाणी असेल तर मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सुके बांगडे, खारवलेली मासळी आणि मिठातल्या कैऱ्या बंद. ताजी मासळी मात्र बंद करू नका, प्रथिने कमी पडली की स्नायू झिजतात. तिसऱ्या, कालवे कच्ची किंवा अर्धी शिजलेली नकोत. ताप, अंगदुखीवर पॅरासिटामॉल दिवसाला दोन ग्रॅमच्या वर नाही, आयबुप्रोफेन तर नकोच.

प्रश्न: फॅटी लिव्हर आहे. रीशीच्या कॅप्सूल घेतो. चालू ठेवू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: बंद करा, आणि बाटली फेकू नका. एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन या यकृताच्या रक्ततपासण्या करा. आकडे वाढलेले असतील तर बाटली डॉक्टरांना दाखवा, बॅच क्रमांक उपयोगी पडतो, आणि दोन आठवड्यांनी तपासण्या पुन्हा करा. अनेक कॅप्सूलमध्ये धान्यावर वाढवलेले तंतू असतात, त्यात अळंबीपेक्षा पिठाचाच भाग जास्त. यकृतातली चरबी आणि सूज वजन ७ ते १० टक्के घटल्यावर उतरते. ऐंशी किलोच्या माणसाला सहा ते आठ किलो.

प्रश्न: फणसावरची अळंबी काविळीवर चालते का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: फणसांबा परंपरेने दगडावर उगाळून लहान मुलांची लाळ थांबवायला किंवा जुलाबावर देतात. तो काविळीवरचा उपाय नव्हे. 'झाडपाल्याने कावीळ गेली' असे जे ऐकू येते त्याचे कारण साधे आहे: हेपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. पण पित्तमार्गात खडा अडकला असेल तर वाट पाहणे जीवावर बेतते. गोंधळल्यासारखे बोलणे, झोपेची उलटापालट, काळे शौच, काविळीबरोबर थंडीताप यांतले काही दिसले तर त्याच दिवशी इस्पितळात.

प्रश्न: रोयणीची (वारुळावरची) अळमी यकृताच्या रुग्णाने खावी का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर: वारुळावरची, ओळखीच्या माणसाने आणलेली, नीट शिजवलेली असली तर जेवणात चालेल, औषध म्हणून तिला काही अर्थ नाही. धोका आहे तो तिच्यासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या अळंब्यांचा. काहींत अमाटॉक्सिन नावाचे विष असते, शिजवूनही ते जात नाही. उलट्या-जुलाब सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतात, मग एखादा दिवस बरे वाटते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. म्हणून उशिरा उलट्या झाल्या तर, बरे वाटले तरी, उरलेली अळमी कागदात गुंडाळून सोबत घ्या आणि थेट गोमेकॉ गाठा.