मुलाचा फोन काढून घ्यावा का?

समुपदेशनासाठी येणारे पालक सर्वाधिक वेळा हाच प्रश्न विचारतात आणि त्याचे हो किंवा नाही असे उत्तर त्यांना पहिल्याच भेटीत हवे असते. ते मी लगेच देत नाही. मूल फोनवर किती वेळ असते याचा हिशेब पालकांकडे चोख असतो, पण त्या वेळात ते काय करते हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते. पुढे सांगत असलेल्या प्रकरणातील ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

सोळा वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याचे आईवडील आले होते. तो रात्री उशिरापर्यंत जागतो, जेवणावर त्याची वासना राहिलेली नाही, गुण घसरले आहेत आणि फोनला कोणी हात लावला तर तो अंगावर येतो, अशी त्यांची तक्रार होती. "याला व्यसन लागले आहे, तेवढे सोडवा," असे वडील म्हणाले. मुलगा बोलताना अडखळत असे. त्यामुळे त्याच्या वतीने उत्तरे देण्याची सवय घरातल्या सर्वांना जडली होती, आणि त्या भेटीत त्याला स्वतःचे असे एखादेच वाक्य पूर्ण करता आले.

तो एकटा असताना मी त्याला फोनमधली सर्वांत आवडती गोष्ट दाखवायला सांगितली. त्याने एक गट उघडला. त्याच्याप्रमाणेच अडखळणारी मुलेमुली तेथे एकमेकांना स्वतःच्या आवाजात संदेश पाठवत होती आणि कोणी कोणाचे वाक्य मध्येच तोडत नव्हते. उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणारा हा मुलगा तेथे नव्याने आलेल्यांना धीर देत होता. ज्याच्यासारखी अडचण आसपास दुसऱ्या कोणालाच नाही, अशा मुलाला समाजमाध्यमांवर आपल्यासारखी माणसे भेटतात, आणि हा उपयोग तासांच्या हिशेबात कधीच दिसत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तेथील सरकारच्या सार्वजनिक आरोग्यविषयक प्रमुख सल्लागाराने, २०२३ मध्ये समाजमाध्यमांविषयी दिलेल्या सूचनापत्राचेही तेच झाले. दिवसाला तीन तासांहून अधिक वापर करणाऱ्या किशोरवयीनांना मानसिक त्रासाचा धोका दुप्पट दिसतो, हे त्यातले वाक्य सर्वत्र पोहोचले. समाजात उपेक्षित राहणाऱ्या मुलांना या माध्यमांतून आधार मिळू शकतो, असेही त्याच पत्रात म्हटले होते, ते मागे राहिले.

खरी गोष्ट दुसऱ्या भेटीत बाहेर आली. इन्स्टाग्रामवर समवयस्क मुलगी म्हणून ओळख वाढवलेल्या एका व्यक्तीने त्याला दुसऱ्या ॲपवर नेले होते, त्याच्याकडून एक खासगी छायाचित्र मिळवले होते आणि ते त्याच्या यादीतल्या सर्वांना पाठवण्याची धमकी देऊन ती पैसे मागत होती. त्याने एकदा पैसे दिले, तेव्हा मागणी वाढली. तो रात्री जागत होता तो या धमक्यांच्या भीतीने, आणि घरच्यांना ते व्यसन वाटत होते. घरी का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, "बाबा फोन काढून घेतील." फोन गेला असता तर तो गटही गेला असता, म्हणजे त्याला धीर देणारी एकमेव जागा टिकवण्यासाठी तो ही छळणूक सोसत होता.

त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असल्याने हे मला लपवता येणार नाही, मात्र कोणाला आणि कसे सांगायचे ते आपण मिळून ठरवू, असे मी त्याला सांगितले. पुढील भेटीत त्याने स्वतःच, त्याला हवा तेवढा वेळ घेऊन, आईवडिलांना सारे सांगितले. "किती पैसे गेले?" हा वडिलांचा पहिला प्रश्न होता; आईने त्यांना हातानेच थांबवले.

अशा वेळी घाबरून संभाषण पुसून टाकणे ही सर्वांत महागात पडणारी गोष्ट असते, कारण पुरावाच नाहीसा होतो. त्यांनी संदेशांची, खात्याच्या नावाची आणि पैसे पाठवल्याच्या नोंदीची चित्रे जपली, पैसे देणे थांबवले, खात्याविरुद्ध तक्रार करून मगच ते ब्लॉक केले आणि पोलिसांकडे गेले. अमेरिकेतील बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची 'टेक इट डाउन' ही विनामूल्य सेवाही त्यांनी वापरली. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या अशा छायाचित्राचा डिजिटल ठसा, म्हणजे त्यावरून काढलेला सांकेतिक क्रमांक, ती सेवा आपल्याच फोनवर तयार करते. छायाचित्र कोठेही पाठवावे लागत नाही आणि सहभागी संकेतस्थळे त्या ठशावरून ते ओळखून काढून टाकू शकतात.

काही दिवस धमक्या नव्या खात्यांवरून येत राहिल्या, मग थांबल्या. पैसे परत मिळाले नाहीत. घरात एक करार झाला: मुलाने स्वतःहून काही सांगितले, तर त्या कारणासाठी फोन जप्त होणार नाही, रात्री मात्र सर्वांचेच फोन बाहेरच्या खोलीत राहतील. वडिलांना दुसरी अट अधिक जड गेली.

शेवटच्या भेटीत त्यांनी अकरा वर्षांच्या धाकट्या मुलीबद्दल विचारले. तिलाही खाते हवे होते. मी त्यांना थोरल्याचे खाते तपासायला सांगितले. त्याने लहानपणी खोटी जन्मतारीख भरली होती, त्यामुळे इन्स्टाग्रामच्या लेखी तो प्रौढ होता आणि अल्पवयीनांसाठी २०२४ मध्ये आलेली खासगी खात्याची व अनोळखी संदेश अडवण्याची सोय त्याला लागूच झाली नव्हती. खाते उघडण्यासाठी असलेली तेरा वर्षांची अट अमेरिकेतील १९९८ च्या गोपनीयता कायद्यातून आलेली आहे, मुलांच्या मानसिक तयारीच्या अभ्यासातून नव्हे. तेव्हा तेरावा वाढदिवस झाला म्हणजे मूल तयार झाले, असेही समजू नये. मुलीला दोन वर्षे थांबावे लागेल, असे त्यांनी ठरवले, आणि नंतर खाते उघडताना खरी तारीख भरायची हेही.