ब्रेडक्रम्ब्स लावून भाजलेलं चिकन बिघडलं, म्हणून ओव्हन बदलू नका

तुम्ही लिहिलंय की चिकन ब्रेस्टला ब्रेडक्रम्ब्स लावून, कृतीबरहुकूम १८० अंशांवर ४० मिनिटं भाजलं. तरी वरून पांढरट, खालून लिबलिबीत, सुरी लावताच आवरण सुटलं आणि आतलं मांस चोथा. आता ओव्हन बदलावा का, आणि उरलेल्या तुकड्यांचं काय करावं?

ओव्हनला हात लावू नका. हेच सगळं आमच्या घरात घडलंय आणि त्यापायी एक चांगला ओव्हन घराबाहेर गेलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या हाताला चव आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण या एका पदार्थावरून आमचं कधीच पटलं नाही. घरात पाहुणे जमले होते. दह्यात मुरवलेले तुकडे त्यांनी भांड्यातून उचलले आणि तसेच निथळते क्रम्ब्समध्ये टाकले. दह्याचं पाणी त्यांच्या मनगटापर्यंत ओघळत होतं, बोटांच्या टोकांना क्रम्ब्सचे गोळे चिकटले होते आणि ताटलीतला उरलेला चुरा ओल्या वाळूसारखा झाला होता. मी म्हटलं, "ताई, आधी टिपून घेऊया का?" त्या म्हणाल्या, "दही टिपलंस तर चिकटणार कशाला?" मग ट्रे काठोकाठ भरला, वर करपू नये म्हणून फॉइल झाकली. भाजून झाल्यावर फॉइल उचलली तर वाफेचा लोट आला आणि फॉइलच्या आतल्या बाजूचे थेंब टपटप त्याच आवरणावर पडले. वाढताना आवरण ट्रेला चिकटून राहिलं, चमच्यात आलं ते उघडं मांस. सगळ्यांनी एकमुखाने ओव्हनला दोष दिला. नवीन ओव्हन आला. त्यातही तेच झालं! जुना मी मागून घेतला, माझ्याकडे आजही त्याच्यातच भाजणं होतं आणि खमंग होतं.

दोष पाण्याचा असतो. जिथे ओल आहे तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि क्रम्ब्सना तांबूस रंग यायला साधारण १४० अंश तरी लागतात. तळताना तेल चारही बाजूंनी भिडतं आणि ओल झटपट उडवतं. ओव्हनमधल्या हवेला ते जमत नाही. आवरण सुकून तांबूस होईपर्यंत आतलं मांस केव्हाच शिजून कोरडं पडतं. म्हणून रंगाचं काम ओव्हनवर सोडायचंच नाही. कपभर क्रम्ब्सना दोन मोठे चमचे तेल चोळा आणि कढईत मध्यम आचेवर, सतत हलवत, बदामी होईपर्यंत परता. पाच-सहा मिनिटं लागतात. ही एक पायरी ज्या कृतीत नाही, ती कृती मी दुसऱ्यांदा वाचत नाही.

आवरण सुटतं तेही ओलीमुळेच. तुकडे कागदी टॉवेलने अगदी कोरडे टिपा. फ्रीझरमधले असतील तर बर्फ पूर्ण वितळू द्या, मग टिपा. मैद्यात घोळवून जास्तीचा मैदा झटका, मग फेटलेलं अंडं, मग परतलेले क्रम्ब्स, तळव्याने दाबून. तसेच पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवले की पकड बसते. ट्रेवर जाळी ठेवून तिच्यावर सुटे सुटे मांडा, म्हणजे खालूनही हवा खेळते आणि सुटलेला रस ट्रेमध्ये पडतो. नुसत्या ट्रेवर ठेवलं की खालची बाजू स्वतःच्याच रसात बसते. फॉइल तर नकोच.

आता ते ४० मिनिटांचं प्रकरण. कुणाच्या तरी ओव्हनमध्ये कुठल्या तरी आकाराच्या तुकड्याला लागलेला वेळ तुमच्या तुकड्याला कसा लागू पडेल? ब्रेस्ट एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असतं. लाटण्याने हलकं ठोकून दोनेक सेंटीमीटर सारखं करून घ्या. आधी नीट तापवलेल्या ओव्हनमध्ये २१० ते २२० अंशांवर असे तुकडे साधारण १५ ते २० मिनिटांत होतात. पण घड्याळावर विसंबू नका. मांसाचा थर्मामीटर घ्या, सर्वांत जाड भागात खुपसा, ७४ अंश दिसले की बाहेर काढा. चिकन त्याआधी खाऊ नये आणि ब्रेस्ट त्यापुढे रेटू नये. जाऊबाई म्हणतात, अनुभवी बाईला थर्मामीटरची गरज नसते. मला हे मुळीच मान्य नाही. बोटाने दाबून आतलं तापमान कळत नाही, आणि कच्च्या चिकनच्या बाबतीत अंदाजावर मुलांना जेवू घालणं मला पटत नाही.

दह्याचं म्हणाल तर त्याला माझा विरोध नाही, मुरवा की. फक्त नंतर ते बोटांनी निपटून काढा आणि टिपा. आणि हे सगळं बिनहाडाच्या ब्रेस्टचं झालं. हाडासकट मांडीला वेळ जास्त लागतो आणि ती ८० अंशांच्या वर गेली तरी कोरडी पडत नाही, उलट मऊ होते. हो, तुमच्या ओव्हनची तबकडी २०० दाखवत असताना आत १८०च असू शकतात; आत ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो, त्याने एकदा ताडून बघा. फरक निघाला तर तेवढी तबकडी पुढे सरकवा, झालं.

उरलेल्या तुकड्यांचं आवरण काढून टाका, ते आता कुरकुरीत होणार नाही. मांस हाताने बारीक फाडून गरम सुपात किंवा पातळ रश्श्यात घाला.