न्या. लीला सेठ कोण होत्या आणि खानदेशातल्या लेकीबाळींना त्यांचा काय उपयोग झाला?

आपण लिहिले आहे की आपण धुळ्याला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला शिकता. "उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती" या एका ओळीपलीकडे लीला सेठ यांची माहिती कोणी देत नाही. त्यांचे कायद्याविषयीचे विचार काय होते आणि आपल्या भागातल्या स्त्रियांच्या जगण्यात त्यामुळे काही फरक पडला का, असा आपला प्रश्न आहे. मी जळगाव जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात सव्वीस वर्षे दिवाणी वकिली करते आहे आणि माझ्याकडची बहुतेक कामे शेतजमिनीच्या वाटपाची असतात. त्यामुळे प्रश्नाच्या दुसऱ्या भागावर मी अधिक लिहिणार आहे. पहिला भाग समजल्याशिवाय दुसरा उमगणार नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

लीला सेठ यांचा जन्म १९३० साली लखनौला झाला. त्या अकरा वर्षांच्या असताना वडील वारले आणि घराची घडी विस्कटली. शिक्षण दार्जिलिंगच्या कॉन्व्हेंटमध्ये झाले, पुढे काही काळ त्यांनी स्टेनोग्राफरची नोकरीही केली. लग्नानंतर पतीच्या बाटा कंपनीतील नोकरीमुळे त्या लंडनला गेल्या. तिथे त्यांनी बॅरिस्टरीचा अभ्यास निवडला तो ध्येयवादातून नव्हे, तर त्या अभ्यासक्रमाला हजेरीची सक्ती फारशी नव्हती आणि घरी लहान मूल होते म्हणून. हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. १९५८ साली बारच्या अंतिम परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

भारतात परतल्यावर कोलकात्यात ज्येष्ठ बॅरिस्टर सचिन चौधुरी यांच्याकडे त्या काम मागायला गेल्या, तेव्हाचा प्रसंग त्यांच्या आत्मचरित्रात आहे. चौधुरींनी सल्ला दिला की वकिलीच्या नादी लागण्यापेक्षा लग्न करा. लग्न झाले आहे, असे त्यांनी सांगितले. मग मूल होऊ द्या, असे चौधुरी म्हणाले. तेही आहे, असे उत्तर आले. एकटे मूल बरे नव्हे, दुसरे होऊ द्या, असा पुढचा सल्ला मिळाला. त्यावर दोन मुले आहेत, असे लीलाबाईंनी सांगितले. तेव्हा चौधुरींनी त्यांच्या चिकाटीला दाद दिली आणि आपल्या चेंबरमध्ये यायला सांगितले. मी वकिली सुरू केली तेव्हा मलाही पहिल्या वर्षी असेच प्रश्न विचारले गेले होते. ते विचारणाऱ्यांची नावे मी इथे लिहिणार नाही, पण हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

पुढे पाटण्याला सुमारे दहा वर्षे त्यांनी वकिली केली. आयकर, विक्रीकर, कंपनी, दिवाणी, फौजदारी, घटनात्मक अशी सर्व प्रकारची कामे त्यांनी घेतली, कारण बाई वकील म्हटली की तिच्याकडे फक्त नवराबायकोची भांडणे द्यायची ही रीत त्यांना मान्य नव्हती. १९७२ पासून त्या दिल्लीत होत्या. १९७८ मध्ये त्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या आणि ५ ऑगस्ट १९९१ रोजी हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या. एवढेच आपल्या परीक्षेत येते. माझ्या मते त्यांचे खरे मोठे काम निवृत्तीनंतरचे आहे.

१९९७ ते २००० या काळात त्या सरकारला कायद्यातील सुधारणा सुचवणाऱ्या पंधराव्या विधी आयोगाच्या सदस्य होत्या. मे २००० मध्ये आयोगाने आपला १७४ वा अहवाल सादर केला. हिंदू कायद्यातील स्त्रियांच्या मालमत्ता हक्कांविषयीच्या या अहवालामागे लीला सेठ यांचा मोठा वाटा होता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा जन्मतः सहदायक, म्हणजे जन्मानेच वाटेकरी, होतो आणि मुलगी होत नाही, हा भेद संविधानाच्या समतेशी विसंगत आहे आणि म्हणून तो गेला पाहिजे, ही त्यातली मूळ भूमिका होती. सोबत कायद्याचा मसुदाही जोडला होता. त्याच दिशेने पुढे हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) कायदा आला आणि तो ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला.

हे आपल्या रानात काय घेऊन आले, ते हिशेबाने पाहू. समजा, एका शेतकऱ्याची बारा एकर वडिलोपार्जित कापसाची जमीन आहे, पत्नी आधीच वारलेली आहे आणि मागे एक मुलगा व दोन मुली आहेत. जुन्या कायद्यात प्रथम बाप आणि मुलगा यांच्यात काल्पनिक वाटप, म्हणजे बाप मरण्याआधी जणू वाटणी झालीच होती असे, धरले जाई, म्हणजे सहा एकर मुलाचे आणि सहा बापाचे. मग बापाच्या सहा एकरांचे तिन्ही मुलांत समान भाग होत. मुलाला आठ एकर आणि प्रत्येक मुलीला दोन. २००५ नंतर तिघांना प्रत्येकी चार. कित्येक अशिलांना मी हे कागदावर मांडून दाखवले आहे, आणि दोनाचे चार झालेले पाहताना बायांचे डोळे कसे होतात हे मी विसरू शकत नाही.

महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना सहदायक केले होते, परंतु २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. म्हणजे एकाच आईच्या पोटच्या दोन बहिणी, थोरलीचे लग्न १९९० चे आणि धाकटीचे १९९६ चे, तर धाकटी सहदायक आणि थोरली नाही! माझ्याकडे नेमका असा एक दावा होता. थोरलीने मला विचारले होते, "ताई, माझं लग्न लवकर लावलं, हा माझा गुन्हा का?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. २००५ च्या कायद्याने लग्नाच्या तारखेची ही अट निघाली आणि राहत्या घराची वाटणी मागण्यास मुलीला मनाई करणारे कलम २३ ही वगळले गेले. त्यानंतरही वडील २००५ साली हयात असले पाहिजेत की नाही, यावर निकाल वेगवेगळे येत राहिले. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलीचा हक्क जन्माने आहे आणि त्यासाठी वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र कायम राहते. आपण परीक्षेत ही तारीख आवर्जून लिहावी, कारण वकील होऊनही अनेक जण ती विसरतात.

आता उपयोग झाला का, या प्रश्नाकडे येते. कायद्याने झाला, पण कागदावर सही करताना बहुतेकदा होत नाही. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, सांजोऱ्या होतात, आणि त्याच चार दिवसांत अनेक घरांत हक्कसोडपत्राचा, म्हणजे बहिणीने जमिनीतला आपला वाटा सोडल्याच्या दस्ताचा, विषय निघतो. बाप वारल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून बहिणींची नावे लागलेली असतात, भावाला पीककर्ज काढायचे असते आणि तलाठ्याकडे प्रत्येक फेरफाराला बहिणीची सही लागते. मग भाऊ म्हणतो, "चल, तालुक्याला जाऊन येऊ." दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कॅमेऱ्यासमोर फोटो, अंगठा, मुद्रांक आणि संपले. कितीतरी बायांनी दस्ताचे पहिले पानही वाचलेले नसते. माहेर तुटेल ही भीती इतकी खोल असते की तिच्यापुढे चार एकर हलके वाटतात. एका म्हातारीने मला अहिराणीत सांगितले होते, "जमीन लिधी ते मायेर तुटी जाई." तिला मी मूर्ख कसे म्हणणार? आजारपणात आणि नवरा गेल्यावर तिला त्याच दारात जायचे होते. भाऊही प्रत्येक वेळी दुष्ट नसतो. चार एकरांच्या कोरडवाहू तुकड्यावर त्याचाही संसार चालत नसतो.

म्हणूनच लीला सेठ यांच्या विचारात मला जे सर्वांत मोलाचे वाटते, ते म्हणजे समतेची सुरुवात त्यांनी घराच्या उंबरठ्याच्या आतून केली. सार्वजनिक ठिकाणी स्त्रीला मान द्यावा एवढे म्हणून त्या थांबल्या नाहीत. हाच धागा पुढेही दिसतो. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्या. जे. एस. वर्मा यांच्या तीन सदस्यांच्या समितीत त्या होत्या. २९ दिवसांत दिलेल्या अहवालात या समितीने बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही, पण विवाहांतर्गत बलात्काराला कायद्यात असलेली सूट काढून टाकावी, असे स्पष्ट म्हटले. ती सूट आजही कायम आहे. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पूर्ववत केले, तेव्हा त्यांनी आई आणि न्यायाधीश अशा दोन्ही नात्यांनी जाहीरपणे विरोध नोंदवला, कारण त्या कलमाने त्यांचा मुलगा, लेखक विक्रम सेठ, गुन्हेगार ठरत होता. स्वतःच्या घरातली गोष्ट अशी उघड मांडायला फार मोठे धैर्य लागते. असे संबंध गुन्हा नाहीत असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल त्या पाहू शकल्या नाहीत. ५ मे २०१७ रोजी त्यांचे निधन झाले.

आपण वकिलीला याल तेव्हा आपल्याकडेही हक्कसोडपत्र घेऊन कोणी तरी येईलच. माझी पद्धत सांगते, आवडली तर घ्या. मी भावाला बाहेर बसवते, दस्त बहिणीला मोठ्याने आणि तिला समजेल अशा भाषेत वाचून दाखवते, तिच्या वाट्याला किती एकर येतात ते कागदावर लिहून देते, आणि नोंदणी झाल्यावर हा हक्क सहज परत येत नाही हेही सांगते. फसवणूक झाली असेल तर ती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, हेसुद्धा मी त्याच कागदावर लिहिते. त्यानंतर तिने सही केली तर तो तिचा निर्णय. गेल्या आखाजीला अशीच एक बाई आली होती. मी वाचून संपवल्यावर तिने दस्ताची घडी केली, पदराच्या गाठीत बांधली आणि बाहेर बसलेल्या भावाला म्हणाली, "पुढच्या वर्षी पाहू, आज घरी चल." भाऊ उठला आणि दोघे एकाच मोटारसायकलवर गावाकडे निघून गेले.