जुन्या इमारतीत स्मार्ट मीटर बसवायला अडचणी येत आहेत, काय करावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पुण्यातली जुनी इमारत, महावितरणचं कनेक्शन. मीटर बदलायला आलेली माणसं "बोर्ड खराब आहे, आधी दुरुस्त करा" म्हणून परत गेली. शेजारी मीटर बसलं तर त्यांचे युनिट वाढले. आता तुम्ही ते बसवून घ्यावं का, आणि घेतलं तर काय काय बघावं?

बसवून घ्या, पण आधी स्वतःचं वायरिंग तपासा. मीटर बदलल्यावर येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ मीटरच्या आजूबाजूच्या वायरींमध्ये असतं. नाहीतर बदलीच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत न लिहिलेल्या रीडिंगमध्ये.

पैशांचं आधी सांगतो. महावितरण घरगुती ग्राहकांकडे जे टीओडी (दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारं) स्मार्ट मीटर बसवत आहे ते पोस्टपेड आहे, म्हणजे रिचार्ज नाही, बिल नेहमीसारखंच महिन्याला येतं. मीटरचे आणि बसवण्याचे पैसे द्यायचे नाहीत, "चहापाणी" तर मुळीच नाही. मीटर आणि त्याच्यापर्यंत येणारी सर्व्हिस वायर कंपनीची जबाबदारी; मीटरमधून बाहेर निघणारी वायर, मेन स्विच आणि फळी तुमची. त्यामुळे "बोर्ड दुरुस्त करा" म्हणाले तर नेमकं काय खराब आहे ते विचारा. जळलेला कटआउट (मीटरआधीचा कंपनीचा फ्यूज) किंवा आखूड सर्व्हिस वायर असेल तर ते काम त्यांचं आहे. तसं असेल तर 1912 वर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या आणि एक अर्ज शाखा कार्यालयात देऊन पोच घ्या.

तुमच्या बाजूचं काम असं. ओल लागलेली किंवा वाळवीने खाल्लेली लाकडी फळी काढून हायलम शीट (वीज न वाहणारा कडक पत्रा) लावा. जुना किटकॅट (तार घालायचा चिनीमातीचा) फ्यूज आणि लोखंडी मेन स्विच असेल तर त्याजागी डबल पोल एमसीबी, म्हणजे जास्त लोड आला की दोन्ही वायरी एकदम तोडणारा स्विच, घ्या. एक एसी, एक गीझर असलेल्या घराला 32 अँपिअरची एमसीबी आणि 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साधारण पुरते, पण लोड मोजूनच ठरवा आणि काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. मीटरच्या आउटगोइंग वायरीला वीतभर जास्तीची लांबी ठेवायला सांगा. हे लोकांना किरकोळ वाटतं, पण जुन्या वायरीचं टोक तापून कडक आणि काळं झालेलं असतं. ते छाटलं की वायर टर्मिनलपर्यंत पोचत नाही, मग टेप गुंडाळून जोड दिला जातो आणि तोच जोड पुढे जळतो. सील लागलेल्या मीटरला किंवा कटआउटला मात्र तुमच्या वायरमनने हात लावायचा नाही.

आता शेजाऱ्यांच्या वाढलेल्या युनिटकडे येऊ. जुन्या इमारतींत, किंवा एकाच घरात वर-खाली दोन मीटर असतात तिथे, नेहमी सापडणारा दोष म्हणजे सामाईक न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर दोन मीटरना मिळून एकत्र जोडलेली असणं. मीटर फेज (करंट आणणारी) आणि न्यूट्रल अशा दोन्ही वायरींतला करंट मोजतं आणि दोन्हींत ठळक फरक पडला तर जो जास्त असेल त्यावर युनिट धरतं. वीजचोरी पकडण्यासाठी केलेली ही सोय आहे. पण समजा दोन मजल्यांना मिळून एकच इन्व्हर्टर आहे आणि जोडताना वायरमनने दोन्हीकडचे न्यूट्रल एकत्र बांधून टाकले. मग वरच्या मजल्याचा करंट खालच्या मीटरच्या न्यूट्रलमधून परत जातो आणि खालच्याला फुकटचे युनिट लागतात. अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून वापरली असेल तरी फेज आणि न्यूट्रलचा करंट जुळत नाही. जुनं मीटर मंद किंवा बिघडलेलं असेल तर हा दोष वर्षानुवर्षं झाकलेला राहतो.

तपासणी सोपी आहे. घरातल्या प्रत्येक सर्किटची एमसीबी बंद करा, पण मेन चालू ठेवा. पाच मिनिटं मीटरच्या लाल पल्स दिव्याकडे (वापर मोजला जाताना लुकलुकणाऱ्या) बघा. दिवा लुकलुकत राहिला, किंवा अर्थ दर्शवणारा दिवा अथवा चिन्ह दिसत असेल, तर न्यूट्रल कुठेतरी मिसळलेला आहे. मग डबल पोल मेन पाडा. आता पल्स थांबले तर दोष मेनच्या पुढे, तुमच्या वायरिंगमध्ये आहे. न्यूट्रल वेगळे करणं हे वायरमनचं अर्ध्या-एक दिवसाचं काम असतं. मीटर यायच्या आधी उरकलं तर उत्तमच.

बदलीच्या दिवशी माणसं आली की ओळखपत्र बघा आणि मीटर उतरवण्याआधी जुन्या मीटरचा फोटो काढा, मीटर क्रमांक आणि रीडिंग एकाच चौकटीत येतील असा. डिस्प्ले गेलेला असेल तर "रीडिंग दिसत नाही" असं मीटर बदली अहवालात लिहून घ्या, कारण मग हिशेब सरासरीवर जातो आणि वाद तिथेच होतो. नव्या मीटरचा क्रमांक आणि सुरुवातीचं रीडिंगही त्याच अहवालात हवं. अहवालाची प्रत किंवा निदान फोटो घ्या. तुमचा 12 अंकी ग्राहक क्रमांक त्यावर बरोबर आहे का बघा. मीटर रूममध्ये दहा-वीस मीटर एका दिवसात बदलली जातात तेव्हा दोन घरांची मीटर उलटसुलट नोंदली जाऊ शकतात. छतावर सोलर असेल तर आयात (घेतलेली वीज) आणि निर्यात (दिलेली वीज) अशी दोन्ही रीडिंग टिपा आणि नवं मीटर नेट मीटर म्हणूनच नोंदवलंय याची खात्री करा, नाहीतर दिलेली वीज बिलात दिसणारच नाही.

टर्मिनलचं कव्हर लागण्याआधी एकदा डोकावून बघा. प्रत्येक भोकात वायर पूर्ण आत गेलेली हवी, तांबं किंवा अ‍ॅल्युमिनियम बाहेर उघडं दिसता कामा नये, एकही तार बाहेर सुटलेली नसावी आणि प्रत्येक टर्मिनलचे दोन्ही स्क्रू आवळलेले हवेत. सैल स्क्रू म्हणजे काही महिन्यांत वितळलेलं टर्मिनल. थ्री फेज असेल तर घरातल्या सगळ्या एमसीबी बंद ठेवून आधी मीटरवर तिन्ही फेजचं व्होल्टेज बघा. एकीकडे 180 आणि दुसरीकडे 280 अशी तफावत दिसली तर न्यूट्रल सैल आहे. काहीही चालू करू नका. थ्री फेजचा पाण्याचा पंप उलटा फिरायला लागला तर दोन फेजची अदलाबदल झाली आहे.

मीटर पळतंय अशी शंका असेल तर पल्स मोजा. मीटरवर '3200 इंपल्स प्रति युनिट' असा काहीतरी आकडा छापलेला असतो. बाकी सगळं बंद करून थंड पाण्याचा 2000 वॉटचा गीझर लावा. 3200 असेल तर मिनिटाला साधारण 107 पल्स यायला हवेत. व्होल्टेज 230 ऐवजी 220 असेल तर 98 च्या आसपास. दीडशे आले तर लेखी तक्रार करा. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतल्या फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीनुसार रीडिंग वापराशी जुळत नसल्याची तक्रार केल्यावर पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरं मीटर लावायचं आणि किमान तीन महिने ठेवायचं असं बंधन आहे. अर्जात हाच नियम लिहा. त्याच नियमांच्या जून 2023 च्या दुरुस्तीप्रमाणे, स्मार्ट मीटरने नोंदवलेल्या कमाल मागणीवरून (एका वेळी घेतलेल्या सर्वाधिक लोडवरून) ते बसण्याआधीच्या काळासाठी दंड लावता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

महावितरणच्या अ‍ॅपवर सुरुवातीला वापर दिसला नाही तर घाबरू नका. तळघरात किंवा लोखंडी पेटीत सिग्नल मिळत नाही, पण नोंदी मीटरमध्ये साठतात आणि संपर्क झाला की जातात. सलग बिलं सरासरीने यायला लागली तर मात्र बाहेरचा अँटेना किंवा प्रत्यक्ष रीडिंग मागा. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर 1 जुलै 2025 पासून जी सवलत मिळते, तीसुद्धा वेळेनुसार नोंदी पोचल्या तरच नीट लागते. आणि लिंक पाठवून "मीटर अपडेटचं अ‍ॅप टाका" सांगणारा कोणीही महावितरणचा नसतो.

पहिल्या बिलात जुन्या मीटरचे उरलेले युनिट आणि नव्याचे युनिट अशी बेरीज असते. तुमच्या फोटोंशी ती ताडून बघा. जुळली नाही आणि उपविभागाने दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. मंचाचा निकाल पटला नाही तर निकालाच्या तारखेपासून 60 दिवसांच्या आत विद्युत लोकपालाकडे अर्ज करता येतो. अर्जासोबत तेच फोटो आणि बदली अहवाल जोडा.