रायफलची नळी जाड असली की नेम जास्त अचूक लागतो का?

वरळीच्या शूटिंग रेंजवर नवीन आलेली पोरं हाच प्रश्न विचारतात, आणि उत्तर हो-नाही असं एका शब्दात देता येत नाही. गोळी सुटते तेव्हा बॅरल, म्हणजे नळी, ताठ राहत नाही, छडी हलवल्यासारखं थरथरतं, आणि गोळी बाहेर पडताना तोंड नेमकं कुठल्या दिशेला असेल त्यावर ती कुठे लागणार ते ठरतं. जाड बॅरल कमी वाकतं, आणि हा फरक छोटा नाहीये बरं का, ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे २० मिमीच्या जागी २४ मिमी घेतलं, लांबी तेवढीच ठेवली, तर जवळजवळ दुप्पट.

दुसरं म्हणजे उष्णता. मोठ्या काडतुसांच्या रायफलीत पातळ बॅरल पाच-सहा गोळ्यांत तापतं आणि नेम सरकायला लागतो, जाड बॅरल हळू तापतं. पॉइंट टू टू (.२२) या छोट्या काडतुसाच्या रायफलीत हा त्रास फारसा नसतो.

पण जाड म्हणजे आपोआप अचूक हे मला अजिबात पटत नाही. चांगलं बनवलेलं पातळ बॅरलसुद्धा पहिल्या तीन गोळ्या एकमेकींना चिकटून लावतं. नळीचं तोंड खराब असेल किंवा बॅरल रायफलच्या लाकडी दस्त्याला घासत असेल तर जाडी काय करणार? ५० मीटरवर निशाण्याचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिमीचं असतं, तिथे आधी आपल्या रायफलला कुठली गोळी मानवते ते दोन-तीन लॉट (एकाच वेळी बनलेल्या काडतुसांचे गट) मारून बघा, जाड बॅरलचा खर्च नंतर.